कॅज्युअल्टीत ओकत आलेलं मूल

नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरांचा प्रश्न असा: रात्री उलट्या करणारी मुलं येतात आणि नातेवाईक सलाईनचा हट्ट धरतात. अशा वेळी उलटी थांबवणारं ऑन्डॅनसेट्रॉन कुणाला द्यायचं, किती, तोंडानं की शिरेतून? उलटीवरचीच डॉम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड चालतात का? आणि स्पिरिटचा वास दिला की मळमळ थांबते म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

औषधाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देते. वय सहा महिन्यांच्या पुढे, आजार साध्या जुलाब-उलट्यांचा, मूल थोडं सुकलेलं (म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं) आणि पाजलेलं पाणी टिकत नाही, इतकं जुळलं की ऑन्डॅनसेट्रॉनचा एकच डोस तोंडानं द्यावा. हिशेब किलोमागे ०.१५ मिलिग्रॅमचा. घाईत आकडेमोड नको असेल तर ८ ते १५ किलोला २ मिलिग्रॅम, १५ ते ३० किलोला ४ आणि त्यावर ८, याहून जास्त नाही. सिरपच्या ५ मिलीत २ मिलिग्रॅम असतं, म्हणजे बारा किलोच्या मुलाला एक छोटा चमचा पुरतो. जिभेवर विरघळणारी ४ मिलिग्रॅमची गोळी मोठ्या मुलांना सोयीची पडते. पंधरा मिनिटांच्या आत मुलानं औषध ओकून टाकलं तर एकदा परत द्या. पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि ओआरएस सुरू करा.

हे करण्यामागे चांगला आधार आहे. शिकागोत २१५ मुलांवर झालेली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या विषयात नेहमी सांगितली जाते. नुसतं दिसायला औषधासारखं काही दिलेल्या मुलांपैकी ३५ टक्के मुलं ओआरएस पाजताना ओकली, ऑन्डॅनसेट्रॉन दिलेल्यांत १४ टक्के. सलाईनची गरज ३१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आली. मात्र त्याच चाचणीत औषध घेतलेल्या मुलांना जुलाब थोडे जास्त झाले. हे आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती म्हणेल, "तुमच्या औषधानं उलटी थांबली पण हगवण वाढली." पुढे पाकिस्तानात झालेल्या चाचणीत असंही दिसलं की जी मुलं सुकलेलीच नाहीत त्यांना हे औषध देऊन सलाईनची गरज काही कमी होत नाही. म्हणून दोन उलट्या झालेल्या, हसत-खेळत आलेल्या मुलाला मी ते देत नाही.

काही मुलांत हात आखडता घ्यायचा. ज्याला किंवा ज्याच्या घरात कुणाला हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात दोष आहे, पोटॅशियम खूप खाली गेलंय, अतिकुपोषण आहे, तिथे आधी ईसीजी. बाहेरून कुणी अॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा डॉम्पेरिडोन सुरू केलंय का हेही विचारा, कारण ऑन्डॅनसेट्रॉन धरून तीनही औषधं ईसीजीतला क्यूटी नावाचा काळ लांबवतात आणि त्यानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिरेतून देण्याची वेळ आलीच तर हळूहळू द्या, एका दमात ढकलू नका.

आता औषधापेक्षा मोठी गोष्ट. ऑन्डॅनसेट्रॉन लिहिण्याआधी "हे मूल का ओकतंय?" याचं उत्तर मनाशी तयार हवं. गॅस्ट्रो हे निदान सगळ्यात सोपं आणि म्हणून सगळ्यात धोक्याचं. जुलाब नसताना नुसत्या उलट्या असतील तर मी केसपेपरवर गॅस्ट्रो लिहीत नाही. उलटी हा मेंदूचा, पोटाचा, रक्ताचा, विषाचा, कशाचाही निरोप असू शकतो.

पहिला प्रश्न रंगाचा. तान्ह्या बाळाची उलटी हिरवी असेल तर ते आतडं पिळलं गेल्याचं लक्षण धरूनच चालायचं, जोवर तसं नाही हे सिद्ध होत नाही तोवर. आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत जातो. त्या बाळाला उलटीचं औषध देऊन वाट पाहायची नाही. नाकातून नळी घालून पोट रिकामं करा, शिरेतून पाणी सुरू करा आणि बालशल्यचिकित्सकाला फोन लावा. आई "पिवळं-हिरवं" म्हणाली तर दुपटं मागून घ्या आणि स्वतः पाहा. महिन्या-दीड महिन्याचं बाळ दूध पिऊन लांबवर फेकतं, लगेच पुन्हा भुकेनं रडतं आणि वजन घटतंय, तर जठराचं खालचं तोंड अरुंद झालंय का हे सोनोग्राफीत पाहावं लागतं. सहा महिने ते दोन वर्षांचं मूल मध्येच कळवळून पाय पोटाशी घेतं, मग गळून पडतं, परत कळवळतं, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. लालसर, जेलीसारखी शी ही उशिराची खूण आहे, तिची वाट बघू नका.

मोठा मुलगा पोट दुखतंय म्हणून ओकतोय तर चड्डी काढून वृषण तपासा. लाजेनं मुलं सांगत नाहीत आणि वृषणाला पीळ बसला असेल तर साधारण सहा तासांत तो सोडवावा लागतो. खूप लघवी होतेय, तहान आहे, जीभ कोरडी आहे आणि श्वास खोल-जोरात चाललाय, तर बोटाची साखर तपासा. मधुमेहाची पहिली ओळख अनेक मुलांत अशी उलट्यांनीच होते. सुकलेल्या मुलाची लघवी कमी व्हायला हवी, ती भरपूर होत असेल तर तिथेच थांबायचं. उलट्या करणाऱ्या प्रत्येक सुस्त मुलाची साखर मी बघतेच, कारण उपाशी राहिलेल्या लहानग्यांची ती खालीही गेलेली असते. सकाळी उठल्या उठल्या ओकणारं आणि डोकं दुखतं म्हणणारं मूल, डोक्याला मार लागलेलं मूल, ताप आणि मान ताठ झालेलं मूल, यांच्या उलटीचं उगमस्थान पोटात नसतं. पावसाळा सरताना डेंगीचे रुग्ण येतात, तेव्हा ताप उतरताना सुरू झालेली, न थांबणारी उलटी धोक्याची खूण मानायची.

आपल्या जिल्ह्यासाठी तीन कारणं वेगळी सांगायलाच हवीत, कारण परदेशी पुस्तकांत ती मागच्या पानांवर असतात आणि आपल्याकडे दारात उभी असतात.

एक, मण्यार. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेलं मूल मध्यरात्री किंवा पहाटे पोटदुखीनं उठतं, ओकतं. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. घरचे म्हणतात, "रात्री काहीतरी खाण्यात आलं असंल." पेठ, सुरगाणा, हरसूल, इगतपुरी पट्ट्यातून अशा वेळी आलेल्या मुलाला मी दोन गोष्टी करायला लावते: वर बघ, आणि थुंकी गिळून दाखव. पापण्या जड वाटल्या, बोलणं नाकातून येऊ लागलं, गिळता येईना, तर ते सर्पदंशाचं मूल आहे, पोटाचं नाही. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी मण्यारीत नॉर्मलच येते, तिच्यावर विसंबू नका. प्रतिविषाचा डोस मुलांना आणि मोठ्यांना सारखाच असतो. श्वासाची तयारी जवळ ठेवा.

दोन, विंचू. दंशानंतर ओकणारं, घामानं निथळणारं, हातपाय गार पडलेलं मूल म्हणजे विष अंगभर पसरलंय. मुलग्यांत लिंग ताठ होतं, तेही मुद्दाम पाहा. इथे उलटीवर औषध शोधायचं नाही, रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन किलोमागे ३० मायक्रोग्रॅम पोटात द्यायचं आणि हृदयाकडे लक्ष ठेवायचं. हे उपचार जगाला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दिले. कोकणातल्या छोट्या दवाखान्यात बसून त्यांनी हे काम केलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या तुम्हा मंडळींना हे आवर्जून सांगते, कारण मोठ्या शहरातल्या वॉर्डात बसून हे दिसलं नसतं.

तीन, फवारणी. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरच्या छाटणीनंतर महिनोन्महिने औषधं मारली जातात. पंपाशी खेळलेलं, फवारलेल्या ओळीत फिरलेलं किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध प्यायलेलं मूल आधी ओकतंच. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर आणि बाहुली टाचणीच्या टोकाएवढी असेल तर कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि छाती कोरडी होईपर्यंत अॅट्रोपिन हा उतारा द्या. बाहुली बघायला टॉर्च आणि दोन सेकंद लागतात. बघायची सवय लावून घ्या.

इतकं तपासून झालं आणि साधा गॅस्ट्रोच ठरला, की खरं काम सुरू होतं ते चमच्याचं.

बहुतेक आया सांगतात, "पाणीसुद्धा टिकत नाही हो." मी विचारते, "ताई, पेल्यानं पाजलं की चमच्यानं?" तहानलेलं मूल अख्खा पेला घटाघटा पितं आणि ताणलेलं जठर तो परत पाठवतं. चमच्यानं दिलेलं पोटात राहतं. थोड्या सुकलेल्या मुलाला चार तासांत किलोमागे ७५ मिली ओआरएस लागतं. दहा किलोच्या मुलाचे झाले ७५० मिली, म्हणजे ५ मिलीचे दीडशे चमचे, साधारण दीड मिनिटाला एक. सांगायला सोपं आहे, पण रात्री दोन वाजता, कडेवर रडणारं मूल घेऊन दीडशे चमचे पाजणं हे कष्टाचं काम आहे आणि ते आईच करते. म्हणून तिला नुसतं "ओआरएस पाजा" म्हणून सोडू नका. बसायला खुर्ची द्या, बापाला किंवा आजीला आळीपाळीनं पाजायला सांगा, कागदावर रेघा मारायला द्या. सिस्टरनी पहिले दहा चमचे स्वतः पाजून दाखवले की आईचा धीर वाढतो. चमचा न घेणाऱ्या बाळाला सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या आत सोडा. ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी हळू सुरू करा. एका उलटीनं प्रयत्न फसला असं मानू नका, ओकलेल्यापेक्षा पोटात राहिलेलं बहुतेक वेळा जास्त असतं. अंगावरचं दूध कधीच थांबवायचं नाही.

ओआरएस म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी. मोठी पुडी एक लिटरची, छोटी २०० मिलीची. अर्धी पुडी अंदाजानं पाण्यात कालवायची नाही. दुकानात मिळणाऱ्या गोड पेयांच्या खोक्यांवर बराच काळ ओआरएस ही अक्षरं असायची आणि त्यातल्या साखरेनं जुलाब वाढायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. तरी आईनं आणलेलं खोकं हातात घेऊन वाचा. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचं पाणी संपत आलं, तेव्हा त्यांनी पिंपांतून मीठ-साखरेचं द्रावण काढून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पटकीचे मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते ते ४ टक्क्यांच्या खाली आले. नातेवाइकांच्या हाती, हे मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता सलाईनचा हट्ट. त्या मागणीमागे भीती असते आणि बाटली लटकली की काहीतरी चाललंय असं दिसतं. तिच्याशी भांडू नका. मी म्हणते, "दादा, सलाईनची गरज पडली तर मी पाच मिनिटांत लावते. आधी एक तास हे करून बघू, मी इथेच आहे." आणि तासाभरानं खरोखर परत जाऊन बघते. बहुतेक मुलं तोवर पिऊ लागलेली असतात. सलाईन हवंच अशी मुलं वेगळी: गळून गेलेली, पिऊच न शकणारी, त्वचेची चिमटी दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच राहणारी, हातपाय गार, नाडी लागत नाही अशी. त्यांना रिंगर लॅक्टेट, एकूण किलोमागे १०० मिली. एक वर्षाखाली पहिले ३० मिली एका तासात आणि उरलेले ७० पाच तासांत, त्यापुढच्या वयात ३० मिली अर्ध्या तासात आणि ७० अडीच तासांत. पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली मात्र ओकणाऱ्या मुलाला लावू नका. त्यात मीठ नाही, सोडियम घसरतं आणि मुलाला आकडी येऊ शकते. कुपोषित मुलांत हे सगळं गणित बदलतं. त्यांची चिमटी एरवीही हळू परतते, त्यामुळे सुकल्याचा अंदाज चुकतो, आणि शिरेतून भरभर दिलेलं पाणी त्यांचं हृदय पेलू शकत नाही. शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोसळणं, नसेल तर त्यांना तोंडानं किंवा नळीनंच द्यायचं.

डॉम्पेरिडोन आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. ब्रिटनच्या औषध नियामकानं २०१९ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांत ते वापरू नये असं सांगितलं, कारण चाचणीत ते निव्वळ साखरेच्या पाण्याहून सरस ठरलं नाही. हृदयाचा धोका वर आहेच. मी ते देत नाही. मेटोक्लोप्रमाइडनं मुलांची मान वाकडी होते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. घरच्यांना ती फिट वाटते किंवा बाहेरची बाधा. युरोपीय नियामकानं २०१३ मध्ये एक वर्षाखाली ते बंदच केलं आणि मोठ्या मुलांतही दुसरा पर्याय म्हणून ठेवलं. असं मान वाकडी झालेलं मूल तुमच्याकडे आलं तर आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागा. दोन वर्षांपुढच्या मुलात प्रोमेथाझिन या अॅलर्जीच्या औषधाच्या इंजेक्शननं ते काही मिनिटांत सरळ होतं. त्याखाली ते नको, श्वास मंदावतो. अमेरिकेच्या नियामकानं २००४ मध्येच तसा इशारा दिला आहे. अॅसिडिटीवरच्या पँटोप्राझोलचं इंजेक्शन, अँटिबायोटिकचं कडवट सिरप, यांनी साध्या गॅस्ट्रोत मळमळ कमी होत नाही, उलट वाढू शकते.

मळमळ आणि उलटी एक नव्हेत, हेही सांगायला हवं. उलटी मोजता येते, मळमळ मुलालाच ठाऊक असते आणि लहान मुलाला ती सांगता येत नाही. तीन-चार वर्षांचं मूल "पोट दुखतंय" म्हणतं आणि त्याचा अर्थ मळमळतंय असा असतो. मोठी म्हणतात "कसंतरी होतंय", "ओकाय येतंय". चेहरा पांढरा पडणं, तोंडात लाळ साठणं, सारखं गिळणं, जांभया, आवडता मोबाइलही बाजूला सारणं, या खुणा बघा. मुलांसाठी चेहऱ्यांची चित्रं असलेली बाक्स्टर पट्टी तयार झालेली आहे. शांत चेहऱ्यापासून ओकणाऱ्या चेहऱ्यापर्यंतच्या चित्रांवर मूल बोट ठेवतं. ती छापून भिंतीवर लावायला काही खर्च नाही. आणि मळमळीचं कारण दुखणं असेल तर दुखण्यावर उपचार करा. हात मोडलेलं मूल ओकतंय म्हणून त्याला उलटीचं औषध दिलं आणि वेदनाशामक राहिलं, असं होता कामा नये. केटामिन हे भुलीचं औषध देऊन हाड बसवायचं असेल तर, विशेषतः मोठ्या मुलांत, आधी ऑन्डॅनसेट्रॉन दिल्यानं नंतरच्या उलट्या कमी होतात.

स्पिरिटच्या वासाबद्दल. मोठ्या माणसांवर आपत्कालीन विभागात झालेल्या चाचण्यांत आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पॅडचा नाकानं दीर्घ वास घेतल्यानं मळमळ खरोखर कमी झाली. मुलांत इतका भक्कम पुरावा नाही. सांगितलेलं समजून सावकाश श्वास घेऊ शकणाऱ्या आठ-दहा वर्षांपुढच्या मुलाला मी पाकीटबंद पॅड देते, नाकापासून थोडं लांब, काही श्वासांपुरतं. वणीचा घाट चढून गाडी लागलेली मुलं येतात तेव्हा याचा उपयोग होताना दिसतो. बाटलीतल्या स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा तान्ह्या बाळाच्या नाकाशी धरू नये, आणि यानं सुकलेलं मूल भरून येत नाही.

घरी कधी सोडायचं? तासभर ओकलेलं नाही, घोट घोट पितंय, लघवी झाली, डोळ्यांत तरतरी आली, की सोडा. घरी पेज, मऊ भात, ताक, केळं, जे खाईल ते. उलट्या थांबल्यावर झिंक, सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०, चौदा दिवस. उलटी चालू असताना झिंक देऊ नका, त्यानंच आणखी ओकतं. रोटाव्हायरसची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळाली का हे कार्डावर पाहा. हिरवी किंवा रक्ताची उलटी, सुस्ती, सहा-आठ तास लघवी नाही, पोट फुगलं, पिणं थांबलं, यातलं काहीही झालं तर परत या, हे आईच्या बोलीत सांगा आणि तिच्याकडून परत वदवून घ्या.

राहिला प्रश्न पुढे पाठवण्याचा. सुरगाण्याहून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत घाटरस्त्यानं दोन तास सहज जातात. खूप सुकलेल्या मुलाची शीर सापडत नसेल तर १०८ ची वाट बघत हात बांधून बसू नका. नाकातून नळी घाला आणि किलोमागे तासाला २० मिली ओआरएस सुरू करा, गाडीतही चालू ठेवा. पोट फुगू लागलं किंवा उलट्या वाढल्या तर वेग कमी करा. सोबतच्या चिठ्ठीवर वजन, किती वाजता किती दिलं, साखर किती होती आणि ऑन्डॅनसेट्रॉन दिलं असल्यास त्याची वेळ लिहा.